ऑकमल्गी: एका उद्यानाचं नामांतर आणि विस्ताराचा हिशेब

आत जायचं तर कमरेत वाकावं लागतं. बोळ अरुंद आणि बुटका आहे. तो संपतो तिथे एकदम गोल दालन उघडतं. काचेच्या अलीकडे उभं राहून खाली बघायचं: मातीची जमीन, मधोमध आगटीचा खळगा, भिंतीच्या कडेने मातीतच घडवलेल्या बैठका. मोजल्या तर ४७ भरतात. दारासमोरच्या अंगाला पक्ष्याच्या आकाराचा उंच ओटा आहे, त्यावर आणखी तीन जागा. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमाराला, उगवतीचं ऊन त्या बोळातून सरळ आत येऊन ओट्यावर पडतं.

वरचं छप्पर आणि मातीचं आच्छादन १९३०च्या दशकात पुन्हा उभारलेलं आहे. जमीन मात्र मूळचीच, साधारण इसवी सन १०१५ची. म्हणजे देवगिरीला यादवांचं स्वतंत्र राज्य उभं राहायच्या कितीतरी आधीची. मूळचं छत जळून कोसळलं आणि त्याच्या राडारोड्याखाली ही जमीन झाकली गेली, म्हणून टिकली.

ही जागा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मेकन शहराला लागून, ऑकमल्गी नदीच्या पूर्वेला आहे. अटलांटाहून गाडीने दीड तासाच्या आत पोचता येतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटकावरचं नाव होतं ऑकमल्गी नॅशनल मॉन्युमेंट. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाटी बदलली होती: ऑकमल्गी माउंड्स नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. माउंड्स म्हणजे मातीची टेकाडं. ती पाटी बदलण्यासाठी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कायदा करावा लागला. त्या कायद्याने नेमकं काय केलं, काय करायचं टाळलं आणि त्यातून पुढे काय निघालं, याची ही नोंद.

कायदा

१२ मार्च २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याला जॉन डिंगेल यांचं नाव आहे. डिंगेल मिशिगनचे, अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासात सर्वांत जास्त काळ सदस्य राहिलेले. सहीच्या महिनाभर आधी ते वारले. जमीन, नद्या, उद्यानं, जंगलं यांबद्दलची शंभरावर छोटी विधेयकं या एका कायद्यात बांधलेली होती. सिनेटमध्ये तो ९२ विरुद्ध ८ मतांनी आणि प्रतिनिधिगृहात ३६३ विरुद्ध ६२ मतांनी संमत झाला. ऑकमल्गीचा मजकूर त्या जाडजूड गठ्ठ्यातला चार-दोन पानांचा.

तो एकट्याने पार पडला नसता, हे आधीच दिसून आलं होतं. जॉर्जियाचे दोन प्रतिनिधी, डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅनफर्ड बिशप आणि रिपब्लिकन पक्षाचे ऑस्टिन स्कॉट, यांनी हाच प्रस्ताव आधी मांडला होता. प्रतिनिधिगृहाने तो २०१६ मध्ये मंजूर केला, २०१७ मध्ये पुन्हा मंजूर केला, आणि दोन्ही वेळा तो सिनेटमध्ये अडकला. विरोध म्हणावा असा कुणाचा नव्हता. लहान विधेयकाला सभागृहाचा वेळ मिळत नाही, एवढंच कारण.

मजकुरात तीन गोष्टी होत्या. उद्यानाचं नाव बदललं. हद्द सुमारे ७०२ एकरांवरून २,८०० एकरांच्या आसपास नेली. आणि मेकनपासून नदीच्या खालच्या अंगाला हॉकिन्सव्हिल गावापर्यंतच्या पट्ट्याचा ‘विशेष संसाधन अभ्यास’ करण्याची मुभा गृहखात्याला दिली. अमेरिकेत गृहखातं म्हणजे पोलिसांचं खातं नव्हे. सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं आणि आदिवासी राष्ट्रांशी संबंध तिथून पाहिले जातात. या पट्ट्यात राष्ट्रीय महत्त्वाचं काही आहे का, तो राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थेत घेण्याजोगा आहे का आणि घेणं जमण्यासारखं आहे का, हे त्या अभ्यासाने सांगायचं होतं.

बातम्यांत गाजलं ते नाव. कामाचं होतं ते दुसरं कलम. आणि ज्याच्यावर सगळ्यांनी आशा लावली होती ते तिसरं.

नाव

‘नॅशनल मॉन्युमेंट’ या शब्दाने लोक फसत. मॉन्युमेंट म्हटल्यावर पुतळा, खांब, चौथरा असं काहीतरी असेल असं अमेरिकन माणसालाही वाटतं. आपण मराठीत त्याला स्मारक म्हणू, आणि तिथेच खरी मेख आहे. स्मारक गेलेल्यांचं असतं. ही टेकाडं ज्यांच्या पूर्वजांची, ते मस्कोगी आदिवासी लोक गेलेले नाहीत. त्यांचं राष्ट्र आज ओक्लाहोमात आहे, त्यांना स्वतःचं सरकार आहे, न्यायालय आहे, आणि नोंदवलेल्या नागरिकांचा आकडा लाखाच्या घरात आहे.

नव्या नावात ‘माउंड्स’ हा शब्द घातला. तो हवाच होता, कारण बघायला काय आहे ते त्यातून कळतं. आपल्याकडे शेतात पांढरीचं टेकाड असतं ते वेगळं: तिथे वस्तीवर वस्ती साचत जाते आणि उंचवटा तयार होतो. इथली टेकाडं मुद्दाम रचलेली आहेत. इसवी सन ९००च्या सुमाराला इथे आलेल्या, मका पिकवणाऱ्या समाजाने टोपल्या भरभरून माती वाहिली आणि सपाट माथ्याचे चौथरे उभे केले. सर्वांत मोठं टेकाड सुमारे ५५ फूट उंच आहे. त्याच्या माथ्यावर गेलं की खाली पूरमैदान, पलीकडे नदी, त्यापलीकडे मेकनच्या इमारती, आणि मधून अखंड वाहणारा महामार्ग. अभ्यासक या संस्कृतीला मिसिसिपियन म्हणतात.

नावाचा प्रश्न या नदीवर याआधीही उठलेला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्सटनच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी इथे, या टेकाडांच्या शेजारीच, हरणांच्या कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं बांधलं. नदीच्या या वरच्या भागाला ते ओचीस क्रीक म्हणत. म्हणून इथे राहणारे ते ‘ओचीस क्रीकचे इंडियन’. पुढे बोलता बोलता नुसतेच ‘क्रीक’. एका ओढ्याचं नाव, तेही परक्याने दिलेलं, पुढची तीनशे वर्षं या लोकांच्या डोक्यावर बसलं: तहांत, नकाशांत, जनगणनेत. २०२१ मध्ये त्यांच्या राष्ट्राने आपल्या रोजच्या वापरातल्या नावातून ‘क्रीक’ काढून टाकलं आणि ‘मस्कोगी नेशन’ एवढंच ठेवलं. उद्यानाचं नामांतर २०१९चं, त्यांचं २०२१चं. दोन्हींचा एकमेकांशी कायदेशीर संबंध नाही. पण ‘क्रीक’ हे नाव जिथे जन्मलं तीच ही जागा आहे, हे फाटकावर उभं राहिलं की विसरता येत नाही.

ऑकमल्गी हा शब्द हिचिटी भाषेतला. अर्थ उसळतं, बुडबुडतं पाणी. तो त्या लोकांबरोबर प्रवास करून गेला. ओक्लाहोमातल्या त्यांच्या राजधानीचं नाव आहे ओकमल्गी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चार जवळपास तोच. दोन्ही गावांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे.

जमिनीचा हिशेब

‘विस्तार’ हा शब्द कुठल्या वर्षापासून मोजायचा, यावर या प्रकरणाचा सगळा अर्थ ठरतो. २०१९ पासून मोजलं तर उद्यान चौपट झालं. मागे गेलं की चित्र उलटं दिसतं.

१८०५ साली मस्कोगींनी अमेरिकेशी तह केला आणि ओकोनी व ऑकमल्गी या दोन नद्यांमधली जमीन सोडली. सोडताना एक तुकडा मात्र त्यांनी राखून ठेवला: नदीच्या पूर्वेला ३ मैल रुंद आणि ५ मैल लांब. त्यालाच ‘ऑकमल्गीची जुनी शेतं’ म्हणत. पंधरा चौरस मैल, म्हणजे ९,६०० एकर. त्यांच्या परंपरेत ही ती जागा आहे जिथे पश्चिमेकडून आलेले पूर्वज लांबच्या भटकंतीनंतर पहिल्यांदा ‘बसले’. आपण गाव बसलं म्हणतो, अगदी त्याच अर्थाने. एवढा मुलूख हातचा जात असताना त्यांनी हट्टाने कोणता तुकडा धरून ठेवला, यावरून ती जागा त्यांच्यासाठी काय होती हे कळतं. वेगळा पुरावा लागत नाही.

तहातच अमेरिकेला तिथे लष्करी ठाणं बांधायची मुभा होती. १८०६ मध्ये फोर्ट हॉकिन्स उभा राहिला. १८२३ मध्ये पलीकडच्या काठावर मेकन शहर वसलं. १८२५ मध्ये विल्यम मॅकिंटॉश या मस्कोगी सरदाराने जॉर्जियातली उरलीसुरली जमीन बहुतेक सगळी लिहून दिली. राष्ट्राच्या परिषदेच्या संमतीशिवाय जमीन विकणाऱ्याला मृत्यूची शिक्षा होती, आणि परिषदेने ती अमलात आणली. जमीन तरीही गेली. त्याच दशकात जुनी शेतंही गेली, आणि १८३६ मध्ये लष्कराच्या पहाऱ्याखाली लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आलं.

रिकाम्या झालेल्या जागेत पहिली आली ती रेल्वे. १८४३ मध्ये मेकनपर्यंत रूळ टाकताना धाकट्या मंदिर-टेकाडाचा मोठा भाग कापला गेला. १८७४ मध्ये दुसरा, अधिक रुंद चर खणला, आणि यावेळी दफन-टेकाडाचा लचका तुटला. कामगारांना मातीत हाडं सापडली, वस्तू सापडल्या. चर थांबला नाही. आजही उद्यानात फिरताना हे रूळ आडवे येतात. टेकाडाची बाजू जिथे सरळ कापल्यासारखी संपते, तिथे थोडं थांबून बघावं. पावसाने झिजलेली कड अशी नसते. ती फावड्याची आहे.

मग १९३०चं दशक. मेकनमधल्या काही जाणत्या नागरिकांनी जागा वाचवण्याची खटपट सुरू केली. वकील आणि लष्करी अधिकारी वॉल्टर हॅरिस त्यांत पुढे होते. मंदीचे दिवस होते, आणि सरकारला बेकारांच्या हाताला काम द्यायचं होतं. डिसेंबर १९३३ मध्ये आर्थर केली या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झालं. भर असताना आठशेच्या वर माणसं खणत होती. अमेरिकेतलं हे सर्वांत मोठं पुरातत्त्वीय उत्खनन मानलं जातं. लाखो वस्तू निघाल्या. त्यांत हिमयुगाच्या शेवटाकडच्या शिकाऱ्यांचं दगडी भालाग्रही निघालं. सुरुवातीला वर्णन केलेलं गोल दालन याच कामात उघडं झालं. हे श्रेय द्यायलाच हवं. पण सोबत हेही सांगायला हवं की दफन-टेकाडातून शंभराहून अधिक माणसांचे अवशेष काढले गेले, आणि ते ज्यांचे आजे-पणजे होते त्यांना ओक्लाहोमात जाऊन कुणी विचारलं नाही.

१४ जून १९३४ रोजी काँग्रेसने ऑकमल्गी नॅशनल मॉन्युमेंटला परवानगी देणारा कायदा केला. त्यात जागा किती धरली होती? ‘जुनी शेतं’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमिनीपैकी सुमारे २,००० एकर. जमीन मुख्यतः देणग्यांतून उभी राहायची होती. मंदीत देणार कोण? राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २३ डिसेंबर १९३६ रोजी प्रत्यक्ष घोषणा केली, तेव्हा हाती ६७८ एकर आले होते.

पुढच्या ऐंशी वर्षांत भर पडली ती नखभर. त्यात लामर नावाचा वेगळा तुकडाही धरलेला आहे. तो मुख्य उद्यानापासून दोन-तीन मैलांवर दलदलीत पडतो. तिथे वर चढायला गोल फिरत जाणारी वाट असलेलं एक टेकाड आहे, तसं दुसरं कुठे क्वचितच सापडेल. मुख्य भाग आणि लामर यांच्यामधली जमीन मात्र उद्यानाची नव्हती. १९६०च्या दशकात महामार्ग क्रमांक १६ टेकाडं आणि नदी यांच्यामधून गेला आणि टेकाडांना नदीपासून तोडून गेला.

आता आकडे एका ओळीत ठेवू. १८०५ मध्ये मस्कोगींनी राखलेले ९,६०० एकर. १९३४च्या कायद्याला हवे असलेले २,०००. १९३६ मध्ये मिळालेले ६७८. २०१९ पर्यंत ७०२. आणि २०१९च्या कायद्याने आखलेले सुमारे २,८००. ज्याला आपण विस्तार म्हणतो, त्याने १९३४चं अपुरं राहिलेलं वचन पंच्याऐंशी वर्षांनी पुरं केलं आणि वर आठशे एकर घातले. १८०५च्या रेषेच्या तो अजून एक तृतीयांशाच्याही आत आहे. मला हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण २०१९च्या बहुतेक लिखाणात तो १९३६ पासून सुरू होतो.

रेघ आणि जमीन

कायद्याने नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या आत आलेली जमीन त्या दिवशी सरकारची झाली नाही. मालक तेच राहिले. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की या उद्यानासाठी सक्तीने भूसंपादन करता येणार नाही. जमीन देणगीने, अदलाबदलीने, नाहीतर राजीखुशीने विकणाऱ्याकडून विकत, एवढ्याच वाटांनी घ्यायची.

मग रेघेचा उपयोग काय? पार्क सर्व्हिसला, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला, हद्दीबाहेरच्या जमिनीवर पैसा खर्च करणं अवघड असतं. रेघ आत आली की विकणारा आणि घेणारा यांना एकमेकांशी बोलता येतं, निधी मागता येतो, भूसंवर्धन संस्थांना मध्ये पडता येतं. ते लगेच दिसून आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ९५१ एकरांचा तुकडा उद्यानात आल्याचं जाहीर झालं. ओपन स्पेस इन्स्टिट्यूट या संस्थेने मध्ये पडून तो मिळवून दिला होता. त्या जमिनीवर उद्योग उभे राहण्याची शक्यता होती. त्या एका व्यवहाराने उद्यानाची प्रत्यक्षातली जमीन दुपटीहून अधिक झाली. कायद्यानंतर तीन वर्षांच्या आत, आणि एकाही माणसाला घराबाहेर न काढता.

सक्ती नको, या कलमाने काम मंदावतं हे खरं आहे. एक मालक नाही म्हणाला की तिथे रेघ पोकळ राहते. तरीही ते कलम मला योग्य वाटतं. ज्या जमिनीवरून १८३६ मध्ये माणसांना बंदुकीच्या धाकाने उठवलं, ती परत जोडताना पुन्हा कुणाला उठवायचं नाही, हे ठरवून टाकलेलं बरं. मस्कोगी राष्ट्रानेही या विस्ताराला पाठिंबा दिला तो या अटीसकट.

अभ्यास

तिसऱ्या कलमातला अभ्यास पार्क सर्व्हिसने केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो काँग्रेसकडे गेला. मेकन ते हॉकिन्सव्हिल हा नदीकाठचा सलग पट्टा. त्यात बाँड स्वॅम्प हे केंद्र सरकारचं अभयारण्य आहे, राज्य सरकारची शिकारीला खुली असलेली ओकी वुड्ससारखी वनक्षेत्रं आहेत, पूरमैदानातली दाट झाडी आणि तिच्यात टिकून राहिलेली काळी अस्वलं आहेत, आणि पश्चिमेला रॉबिन्स हा हवाई दलाचा मोठा तळ आहे. विमानतळाभोवती दाट वस्ती होऊ नये ही हवाई दलाची गरज. म्हणजे त्यांनाही काठ मोकळाच हवा.

अशा अभ्यासाच्या चार कसोट्या ठरलेल्या असतात. जागेला राष्ट्रीय महत्त्व आहे का? आहे, असं अहवाल म्हणतो. व्यवस्थेत आधीच असलेल्या उद्यानांत जे नाही ते इथे आहे का, म्हणजे ती समावेशाला योग्य आहे का? आहे. जमण्यासारखं आहे का? इथे उत्तर आलं: नाही. पट्टा फार मोठा, खासगी मालक फार, जमीन मिळवायचा आणि सांभाळायचा खर्च फार. तिसरी कसोटी हुकली की पार्क सर्व्हिसनेच ती जागा थेट सांभाळायला हवी का, हा चौथा प्रश्न आपोआप मागे पडतो.

मेकनमध्ये पुष्कळांची निराशा झाली. मी अहवालाला दोष देणार नाही. विचारलेल्या प्रश्नाचं त्याने सरळ उत्तर दिलं. अडचण प्रश्नातच होती. त्याच कायद्याने एकीकडे सक्ती नाकारली होती आणि दुसरीकडे शेकडो मालकांमध्ये वाटल्या गेलेल्या लांबलचक पट्ट्याबद्दल ‘जमेल का’ विचारलं होतं. जिथे जमीन सर्वांत जास्त तुकड्यांत गेली आहे, तिथे या कसोटीवर उत्तर नकारार्थीच येणार. आणि हे तुकडे पडले ते १८२०च्या दशकानंतरच. ज्या घटनांनी जागा तोडली, त्यांचाच परिणाम पुढे ती न जोडण्याचं कारण म्हणून नोंदवला गेला. अहवालात हे वाक्य नाही, असायची अपेक्षाही नाही. पण वाचणाऱ्याने ते मनात ठेवून वाचावं.

कायद्याच्या मजकुरात आणखी एक गोष्ट होती जिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. जपणूक पार्क सर्व्हिसनेच करावी असं त्यात नव्हतं. इतर केंद्रीय खाती, राज्य, स्थानिक शासन, संबंधित आदिवासी राष्ट्रं, खासगी संस्था, यांपैकी कोणामार्फत करता येईल तेही बघायला सांगितलं होतं. ‘नाही’ या उत्तरातून वाट निघाली ती या दारातून.

‘आणि प्रिझर्व्ह’

मे २०२४ मध्ये जॉर्जियाचे सिनेटर जॉन ऑसॉफ व राफाएल वॉरनॉक, आणि पुन्हा बिशप व स्कॉट, यांनी नवं विधेयक आणलं. नाव: ऑकमल्गी माउंड्स नॅशनल पार्क अँड प्रिझर्व्ह. संमत झालं तर जॉर्जियातलं ते पहिलं ‘नॅशनल पार्क’ ठरेल. पार्क सर्व्हिसकडे सव्वाचारशेहून अधिक जागा आहेत, पण नुसतं ‘नॅशनल पार्क’ हे नाव त्यांतल्या त्रेसष्टच जागांच्या वाट्याला आलेलं आहे. पर्यटक नकाशावर तेच नाव शोधतात, म्हणून मेकनच्या व्यापाऱ्यांनाही ते हवं आहे.

या नावातला सर्वांत राबणारा शब्द मात्र शेवटचा. नॅशनल पार्कमध्ये शिकार सहसा बंद असते. प्रिझर्व्हमध्ये ती चालू ठेवता येते. मध्य जॉर्जियात हरणाची शिकार आणि नदीवरची मासेमारी हा घराघरांतला रिवाज आहे. बाप मुलाला घेऊन जातो, आजोबांनी दाखवलेली जागा नातवाला ठाऊक असते. नॅशनल पार्क होणार म्हटल्यावर या लोकांच्या पोटात गोळा आला, आणि तो येणं स्वाभाविक होतं. ‘आणि प्रिझर्व्ह’ हे दोन शब्द त्यांच्यासाठी आहेत. मधला भाग पार्क, बाकीचा प्रिझर्व्ह. शिकार आणि मासेमारी सुरू. जमीन राजीखुशीनेच घेणार. २०१९च्या नामांतरापेक्षा हे नाव घडवायला जास्त डोकं लागलं आहे असं मला वाटतं, कारण त्यातला प्रत्येक शब्द कुणाशी तरी बोलून ठरलेला आहे.

आणि या वेळी बोलणं ओक्लाहोमाशीही झालं. मधल्या काळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात निकाल दिला होता की ओक्लाहोमातलं मस्कोगींचं राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी मोडलेलंच नाही, म्हणून ते आजही आहे. त्या निकालाचा जॉर्जियातल्या जमिनीशी संबंध नाही. पण त्यानंतर मस्कोगी राष्ट्राला ‘सल्लामसलतीसाठी बोलवायचे पाहुणे’ म्हणून वागवणं कुणालाही सोपं राहिलं नाही. नव्या विधेयकात उद्यानाच्या कारभारावर सल्ला देणाऱ्या मंडळात त्यांना जागा धरलेली आहे. राष्ट्राच्या एक नागरिक, पेशाने वकील, या मोहिमेचं काम करण्यासाठी मेकनला राहायला आल्या. ज्या वाटेने लोक गेले, तिच्या उलट दिशेने कामासाठी आलेलं हे माणूस. मेकनमधल्या लोकांशी बोललं की त्यांचा उल्लेख हटकून होतो.

२०२४च्या अखेरीस सिनेटच्या समितीने विधेयक पुढे पाठवलं. काँग्रेसची मुदत संपली आणि ते तिथेच राहिलं. २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत पुन्हा मांडलं गेलं. २०१६ आणि २०१७ची आठवण ज्यांना आहे, त्यांना यात नवल वाटलं नाही.

दर सप्टेंबरात उद्यानात दोन दिवसांचा मेळा भरतो. त्याच्या नावात पूर्वी ‘इंडियन’ शब्द होता, आता ‘इंडिजिनस’ आहे. ओक्लाहोमातून मस्कोगी आणि इतर राष्ट्रांची माणसं येतात, नाच होतात, गोष्टी सांगितल्या जातात, मोठ्या टेकाडासमोरच्या सपाट मैदानात मंडप पडतात. मी गेलो होतो तेव्हा ऊन कडक होतं आणि महामार्गाचा आवाज एकसारखा येत होता. नाचाचं रिंगण सुरू झालं, तेव्हा मागून मालगाडी आली, १८७४च्या चरातून. ती लांब होती. सूत्रसंचालन करणाऱ्याने माईक खाली घेतला. रिंगणातली माणसं मात्र थांबली नाहीत, आणि गाडी पूर्ण निघून गेल्यावर त्यांचं गाणं पुन्हा ऐकू यायला लागलं.